टीचा बिल्ला, एसचं इंजिन

मन राखायचं काम कुणी पगारावर करत नाही, म्हणून ते बायकांच्या गळ्यात पडतं. माझ्या एका बाजूला नवरा, दुसऱ्या बाजूला भाऊ आणि मधे मी. एकाला शिंक आली की दुसऱ्याला रुमाल द्यायचा. यात माझी सत्तरी उलटली. खरं सांगते, थकले मी.

नवऱ्याचं नाव ऑटमार. जन्मभर दातेरी चक्रांच्या कारखान्यात होता, शेवटी शेवटी विभागप्रमुख झाला. शांत माणूस. इतका शांत, की कधीकधी वाटतं, भांडला असता तर परवडलं असतं. भाऊ गॉटहिल्फ, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. त्याचं घड्याळांचं दुकान होतं, ते बसलं. पाठोपाठ बायको एका फरशीवाल्याबरोबर उल्मला निघून गेली. मग ऑटमारनंच त्याला आपल्या कारखान्याच्या कोठीघरात चिकटवून दिलं. म्हणजे मेहुणा साहेब आणि हा हाताखाली. वर्षातले सगळे दिवस असेच. फक्त मे महिन्यातला एक रविवार सोडून.

त्या रविवारी गॉटहिल्फ जिंकायचा.

झालं असं, की सत्तरच्या दशकातल्या त्या तेलटंचाईनंतर आमच्या स्टुटगार्टच्या भागात लोक जोरकस गाड्या विकायला निघाले होते. पेट्रोल महागलं, पोरंबाळं झाली, कुणाला परवडणार? तेव्हा या दोघांनी आठवड्याच्या अंतरानं एकेक जुनी पोर्शे घेतली, नऊशे अकरा. एकाच पिढीतल्या गाड्या, पण त्यात तीन जाती. त्या मला अशा पाठ आहेत, की झोपेतून उठवून विचारा. गॉटहिल्फनं जेवणाच्या टेबलावर चमचे मांडून हजारदा शिकवल्यात. टी, म्हणजे टूरिंग, सगळ्यात साधी आणि स्वस्त. ई, म्हणजे इंजेक्शनवाली, मधली. आणि एस, म्हणजे सुपर, सगळ्यात ताकदीची, सगळ्यात महाग. बाहेरून तिघी सख्ख्या बहिणी. मागच्या झाकणावरच्या बिल्ल्यावर जे अक्षर, तीच काय ती ओळख.

गॉटहिल्फनं बापाच्या द्राक्षमळ्यातली वाटणी विकून टी घेतली, नारिंगी. ऑटमारचीही टीच, करड्या रंगाची. मग ठरलं, की दर मे महिन्यात खालच्या लाकूडवखारीपासून आल्ब डोंगराच्या जुन्या घाटानं वर ‘हिरवं झाड’ नावाच्या खानावळीपर्यंत चढायचं. वर आधी पोचेल तो जिंकला. नवा रस्ता झाल्यापासून त्या घाटानं टपालाची गाडी सोडली तर कुणी कुत्रं जात नाही, त्यामुळे कुणाला त्रास नव्हता. आणि दर वर्षी गॉटहिल्फ आधी पोचायचा. अगदी दर वर्षी! आमची गाडी खोकत, धापा टाकत मागून यायची. ऑटमार उतरून हात झटकायचा, "तुझ्यापुढे काही चालत नाही बाबा," म्हणायचा, आणि माझा भाऊ चार बोटं उंच व्हायचा.

मग वर्षभर आम्हाला प्रवचन. "रोझविटा, लोक एसच्या नावानं वेडे होतात. अगं, एस म्हणजे नाकापेक्षा मोती जड. हळू चालवली की ती झोपलेलीच असते, तिला सारखी पळवावी लागते. टी बघ, पहिल्यापासून ओढते. गाडी ओळखावी तर टीवाल्यानं. आणि हात लागतो हात! तुझ्या नवऱ्याचीही टीच आहे ना? मग तो का मागे राहतो?"

दुकान गेलं, बायको गेली, पण हा हात त्याच्यापाशी राहिला होता. त्याच्यावर तो जगत होता म्हटलं तरी चालेल.

या हिवाळ्यात ऑटमारचे डोळे गेले. अगदी अंधार नाही, पण समोरच्याच्या चेहऱ्याच्या जागी करडा डाग दिसतो, कडेकडेचं तेवढं कळतं. डॉक्टरांनी गाडी बंद केली. मला वाटलं, सुटलो एकदाचे. ऑटमारही म्हणाला, यंदा राहू दे. पण ईस्टरला गॉटहिल्फ गोड पावाची वेणी घेऊन आला, लोण्याचा थर लावून तीन तुकडे खाल्ले आणि म्हणाला,

"म्हणजे पळ काढलास तर!"

"डोळे गेलेत त्याचे," मी म्हटलं. "लाज आहे का काही?"

"मग तू चालव की. टपालखात्याची पिवळी गाडी घेऊन जन्मभर याच घाटावर हिंडलीस. की तीही नुसती थापच होती?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बर्फात, धुक्यात, पाठीमागे पार्सलांचा ढीग घेऊन तो घाट मी रोज चढले. आणि हे दोघं वर्षातून एकदा, तेही ऊन पाहून! म्हटलं, "ठीक आहे. चालवते."

आता चालवायची तर गाडी धड हवी. आजवर ती म्हाताऱ्या ड्योल्करच्या गॅरेजमध्ये जायची, आणि घेऊन जायचा फक्त ऑटमार. म्हातारा दोन वर्षांपूर्वी वारला, तेव्हापासून ऑटमारनं ती कुणाला दाखवलीच नव्हती. गॅरेज आता त्याची मुलगी कोर्डुला बघते. मी ऑटमारला न सांगता गाडी तिच्याकडे लावली. म्हटलं, "हिचा खोकला घालव. जे काय करायचं ते कर."

मंगळवारी तिचा फोन आला. जरा येऊन जाल का, म्हणाली.

मी गेले. कोर्डुला हात पुसत बाहेर आली आणि दार लोटून घेतलं. 

"फ्राउ श्टाइमले, ही गाडी काकांनी कुणाकडून घेतली होती?"

"का? चोरीची आहे की काय?"

"नाही हो. पण ही टी नाही."

"बिल्ला तर टीचा आहे."

"बिल्ला आहे. चाकंही टीची आहेत, साधी लोखंडी. पण हे बघा." तिनं मागचं झाकण वर केलं. "टीला कार्बुरेटर असतात. याला पंप आहे, इंजेक्शनचा. आधी मला वाटलं, ई असेल. मग इंजिनावरचा क्रमांक घासून वाचला. फ्राउ श्टाइमले, ही एस आहे. जन्मापासून एस."

त्या झाकणाखाली मी कधी डोकावलेच नव्हते. कुणीच नाही. गॉटहिल्फ हौसेनं त्याच्या गाडीचं झाकण उघडून दाखवायचा, आणि ऑटमार म्हणायचा, टीच तर आहे, त्यात काय बघायचं?

"आजवर मी टीवर एसचा बिल्ला चिकटवलेल्या गाड्या ढिगानं पाहिल्या," कोर्डुला म्हणाली. "लोकांना मिरवायचं असतं. उलटा प्रकार पहिल्यांदाच बघतेय. आणि ही खोकत होती ना, त्याचं कारण सांगू? हिला कुणी कधी पळू दिलेलंच नाही. एस मोकळी पळवली नाही तर तिचे प्लग काजळतात, ती गुदमरते. हळू चालवलेली एस साध्या टीपेक्षा वाईट चालते. आता मी सगळं साफ केलंय. फक्त एक करा, हिचा गळा आवळू नका."

मी मान हलवली. घरी येताना एक मात्र लक्षात आलं, की हे कुणी चुकून केलेलं नाही. बिल्ला आपोआप बदलत नाही.

त्या संध्याकाळी मसूर आणि श्पेत्सलेच्या घरगुती शेवया केल्या होत्या. ऑटमार चमचा चाचपत होता. तो मी त्याच्या हातात दिला आणि विचारलं, "आपली गाडी कुठली रे?"

"टी."

"पुन्हा सांग."

त्यानं चमचा खाली ठेवला. "कोर्डुलाकडे नेलीस?"

"हो."

त्यानं ताटली जरा पुढे सरकवली. मग म्हणाला, "तुला आठवतं का, मी गाडी आणायला गेलो तो दिवस? गॉटहिल्फची आदल्या आठवड्यात आली होती. मी येताना लांबून पाहिलं, तो अंगणात उभा, हातात फडकं, अख्खी गल्ली गोळा केलेली. दुकानाला कुलूप लागलं तेव्हापासून तो पहिल्यांदा हसताना दिसला मला. आणि मी एस घेऊन त्याच्या शेजारी उभा राहणार? नाही झालं माझ्याच्यानं. मागच्या गल्लीतून तसाच ड्योल्करकडे वळलो. त्याच्याकडे एका ठोकलेल्या टीचा बिल्ला पडला होता."

"आणि घाटात?"

"घाटात काय. वळण आलं की ॲक्सिलरेटरवरून पाय उचलायचा."

"प्रत्येक वर्षी?"

"प्रत्येक वर्षी."

आता आमच्या मुलखात असलेलं दाखवत नाहीत, हे मला कुणी शिकवायला नको. झाकली मूठ सव्वा लाखाची. श्रीमंतातला श्रीमंतही इथे शनिवारी स्वतःच्या हातानं पायऱ्या झाडतो आणि जुनाच कोट घालून चर्चला जातो. पण ही मूठ झाकण्यालाही काही मर्यादा? बायकोपासूनसुद्धा? मला सगळ्यात आधी कशाचा राग आला, सांगू? मला वाटलं, हा माणूस इतकी वर्षं इतक्या सहज हरू शकतो, तर आमच्या घरात तो कुठे कुठे हरला असेल? माझं बटाट्याचं सॅलड त्याच्या आईपेक्षा चांगलं होतं म्हणतो. आमच्या भांडणात शेवटी दर वेळी माझंच खरं असायचं. त्यातलं किती खरं?

"मला का नाही सांगितलंस?"

"तू त्याची बहीण आहेस. तुझ्या तोंडावर दिसलं असतं."

"तुझ्या तोंडावर मात्र कधीच दिसलं नाही!"

"रोझविटा, रविवारी एवढंच कर. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा पाच हजारांच्या वर नेऊ नकोस. त्याच्या मागे मागे जा. त्याच्यापाशी दुसरं काय आहे सांग?"

हा प्रश्न बरोबर होता, म्हणून मला जास्त चीड आली. मी मसूर गरम करायला उठले.

पुढचे दिवस मी विचार करून करून दमले. भावाला सांगावं, तर त्याच्या पायाखालची जमीन जाते. न सांगावं, तर आता मीही त्या लबाडीत सामील. म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मार. शनिवारी पायऱ्या झाडताना ठरवलं, की जाऊ दे, एक चढण तर आहे. पाय उचलू, हरू, सूप पिऊ, घरी येऊ. सत्तरीत नव्यानं क्रांती करायची काही गरज नाही.

रविवारी लख्ख ऊन होतं. वखारीपाशी गॉटहिल्फ आधीच येऊन थांबला होता. नारिंगी गाडी धुऊन पुसून उभी. स्वतः नवा शर्ट घातलेला, दाढी घोटलेली. तो आठवडाभर वाइनला शिवत नाही, आदल्या रात्री लवकर निजतो, हे मला माहीत होतं. दर वर्षी त्याचं मला हसू यायचं, यंदा बघवलं नाही.

"काय टपालवाल्या बाई," तो म्हणाला, "पार्सल फुटू देऊ नका हं!"

"तुझंच तोंड आधी फुटेल. हो पुढे."

पुढे तोच निघायचा, रिवाजच तसा होता. पहिली दोन वळणं रस्ता अरुंद आहे, तिथे कुणी कुणाला ओलांडत नाही. पुढे दगडाच्या खाणीपाशी रस्ता रुंदावतो, ओलांडायचं तर तिथेच. ऑटमार माझ्या शेजारी बसला होता, टोपी मांडीवर ठेवून. आम्ही निघालो. मी काटा पाचाच्या खाली धरून चालवत होते. पायाखाली गाडी नुसती चुळबुळत होती. पुढे गॉटहिल्फनं खिडकीतून हात बाहेर काढून मला टाटा केला. मला वाटलं, कर बाबा, कर टाटा. तुझा दिवस आहे.

मग दुसरं वळण आलं. मी सहज शेजारी पाहिलं.

ऑटमारचा उजवा पाय उचलला गेला होता. त्याच्या पायाखाली नुसती चटई होती, पण वळण आल्याचं अंगाला कळलं आणि पाय बरोबर त्या जागी, बरोबर तेवढाच वर आला. चेहऱ्यावर काही नाही. चर्चमध्ये गुडघे टेकतात तसं. पुढच्या गाडीतला माणूस वर्षभर वाट बघून, दाढी घोटून, घाम गाळून वळण घेत होता, आणि इथे याचा पाय.

काय झालं मला, ठाऊक नाही. मी काही न्यायनिवाडा करायला निघाले नव्हते. मला फक्त उबग आला. त्याच्या त्या शहाण्या पायाचा, भावाच्या टाट्याचा, आणि दोघांच्या मधे बसलेल्या माझा. खाण आली, रस्ता रुंदावला आणि मी पाय दाबला.

"रोझविटा," ऑटमार म्हणाला.

काटा पाचावर गेला. सहावर गेला. आणि मग जे झालं ते! इतकी वर्षं जी आम्ही पोटदुखी समजत होतो ती भूक होती. गाडीनं असा आवाज काढला, की मी घाबरून पाय काढणारच होते, पण नाही काढला. नारिंगी गाडी एकदा माझ्या खिडकीशी दिसली, त्यात गॉटहिल्फचं तोंड उघडं, आणि पुढच्या क्षणी ती आरशात होती.

"रोझविटा, सोड! त्याला जाऊ दे!"

"नाही सोडत."

"त्याचं काय होईल?"

"मला नाही माहीत!" मी ओरडले. "मला नाही माहीत, ऑटमार! मला एकदा, फक्त एकदा, हा घाट नुसता चढू दे!"

वरच्या दोन वळणांत आरसा रिकामाच होता. खानावळीपुढे मी गाडी थांबवली. आणि खोटं का बोला, मला आनंद झाला होता. तो फार टिकला नाही.

गॉटहिल्फ आला. अगदी हळू आला, उगीच रस्ता संपवायला आल्यासारखा. उतरला, आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही, आणि सरळ आमच्या गाडीच्या मागे जाऊन उभा राहिला.

"झाकण उघड," तो मला म्हणाला.

"गॉटहिल्फ, राहू दे," ऑटमार आवाजाच्या रोखानं पुढे आला.

"रोझल, उघड."

लहानपणी तो मला रोझल म्हणायचा. मी दारापाशी हात घालून खटका ओढला. त्यानं झाकण उचललं. तो पंप त्यानं आजवर चित्रांतच पाहिला असेल, पण ओळखायला त्याला क्षणही लागला नाही. चमचे मांडून त्यानंच तर शिकवलं होतं सगळं. त्यानं झाकण परत लावलं, हलक्या हातानं.

"एस," तो म्हणाला.

त्यानं टीच्या बिल्ल्यावरून अंगठा फिरवला.

"म्हणजे इतकी वर्षं मी एकटाच शर्यत लावत होतो."

"तुझं मन मोडायला नको म्हणून रे," ऑटमार म्हणाला. "तेव्हा तुझे दिवस असे होते, की..."

"माझं मन तुझ्याकडे सांभाळायला ठेवलं होतं का मी?" गॉटहिल्फचा आवाज फाटला. "कोठीघरात नोकरी दिलीस, घेतली. घरभाड्याला जामीन राहिलास, राहू दिलं. सगळं घेतलं मी तुझ्याकडून. मनात म्हणायचो, असू दे, आपल्यापाशी एक गोष्ट आहे जी यानं दिलेली नाही. एकच! तीही तूच देत होतास? मला रात्र रात्र झोप लागायची नाही रे या दिवसाआधी. आणि तू तिकडे पाय वर घेऊन बसायचास!"

ऑटमार टोपी फिरवत उभा राहिला. त्याला समोरचा चेहरा दिसत नव्हता, आणि मला वाटलं, बरंच आहे दिसत नाही ते.

गॉटहिल्फ माझ्याकडे वळला. "तुला कधीपासून माहीत?"

"मंगळवारपासून."

"आणि तू पाय उचलला नाहीस."

"नाही."

"का?"

काही मोठं बोलावं असं सुचलं असतं तर बरं झालं असतं. "दमले रे," मी म्हटलं. "तुमच्या दोघांचं करून करून दमले." आणि मला रडू आलं, रस्त्यात, भरदिवसा. खानावळीची मालकीण सुपाचं भांडं घेऊन दारात आली होती, ती तशीच आत गेली.

गॉटहिल्फनं नवा शर्ट पँटमध्ये नीट खोचला. "चल," तो म्हणाला.

"कुठे?"

"खाली. पुन्हा लावायची."

"गॉटहिल्फ, अरे तुझं वय काय..."

"माझं वय तुला विचारलं नाही मी. खाली चल, आणि जशी आत्ता चालवलीस तशीच चालव. पाय उचललास तर पुन्हा तुझ्या दाराची पायरी चढणार नाही. आईची शपथ."

"मीही येतो," ऑटमार म्हणाला.

"तू इथंच बस," गॉटहिल्फ म्हणाला. "ऐकत बस."

खानावळीपुढच्या बाकावर त्याला बसवून आम्ही खाली गेलो. वखारीपाशी गॉटहिल्फनं गाडी वळवली, काच खाली केली, माझ्याकडे एकदा पाहून मान हलवली आणि निघाला.

त्या चढणीसारखं त्याला चालवताना मी कधी पाहिलं नव्हतं. खरंच हात होता त्याला. वळण असं कापायचा, की बघत राहावं. टीच्या इंजिनातला थेंबन् थेंब त्यानं पिळून काढला. पहिल्या दोन वळणांत तर मला त्याच्या मागे टिकायला घाम फुटला. मनात आलं, देवा, हा खरोखरच माझ्यापेक्षा चांगला चालवतो. नुसता रस्ता वळणावळणाचाच राहिला असता, तर कदाचित. पण खाण आली आणि रस्ता रुंदावला. दोनदा वाटलं, पाय उचलावा. मी दाबला. त्याच्या बाजूनं जाताना मी तिकडे पाहिलं नाही. पुढे आरसा पुन्हा रिकामा झाला. वर पोचेपर्यंत मी रडतच होते, पण पाय उचलला नाही.

वर पोचून मी इंजिन बंद केलं आणि गाडीतच बसून राहिले. ऑटमार बाकावर ताठ बसला होता, मान एका बाजूला कलती करून. बराच वेळ घाटातून नुसता आवाज येत राहिला, जवळ यायचा, वळणाआड जायचा. शेवटी नारिंगी गाडी आली. गॉटहिल्फ उतरला. शर्ट पाठीला चिकटला होता, चेहरा लालबुंद. दोन्ही हात गाडीच्या टपावर टेकून त्यानं श्वास घेतला आणि माझ्याकडे न बघता ऑटमारला विचारलं,

"किती मागे होतो?"

ऑटमारनं तोंड उघडलं. मी त्याला ओळखते. शब्द बाहेर यायच्या आधीच मला कळलं काय येणार ते.

"फारसा नाही," तो म्हणाला. "जवळजवळ पाठोपाठच..."

"ऑटमार," मी म्हटलं.

तो थांबला. त्याचे हात टोपीवर आवळले गेले. मला वाटलं, यानं आयुष्यात एवढं जड काही उचललं नसेल.

"खूप मागे," तो म्हणाला. "तिनं इंजिन बंद केलं. मग मला पाखरं ऐकू आली. मग आत भांड्यांचा आवाज झाला. मग तू आलास. खूप मागे होतास, गॉटहिल्फ."

माझा भाऊ तसाच उभा राहिला. त्याचे डोळे भरून आले होते आणि ते त्यानं पुसले नाहीत. खालच्या वळणांत कुठे कुठे किती वेळ गेला असेल, याचा तो बहुधा हिशेब करत होता. मग त्यानं गाडीवरचे हात काढले, चालत बाकापाशी आला.

"सरक," तो ऑटमारला म्हणाला, आणि त्याच्या शेजारी बसला.